रस्त्याचा सुटा भाग समुद्रात का चालत नाही?

प्रतिनिधी, मुंबई

प्रभादेवीच्या वीर सावरकर मार्गावर भर दुपारी एखादी मोटार बंद पडली तर काय होते, हे मुंबईकरांना ठाऊक आहे. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागतात, दोन-चार जण पुढे येऊन गाडी कडेला ढकलतात आणि गॅरेजमधला कारागीर येईपर्यंत चालक फुटपाथवर ताटकळत राहतो. मनस्ताप होतो, वेळ जातो, खिशाला चाट बसते. पण प्रकरण तिथेच संपते. याच मार्गापासून पश्चिमेला, चालत काही मिनिटांवर समुद्र आहे. समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो आणि त्याच्या आसपास वरळी व माहीम कोळीवाड्यांतल्या बोटींची ये-जा सुरू असते. तिथे इंजिन बंद पडले, तर ढकलायला कड नसते आणि थांबायला फुटपाथ नसतो. बोट वाऱ्याच्या आणि भरती-ओहोटीच्या हवाली होते.

या दोन प्रसंगांमधले अंतर जेमतेम काहीशे मीटरचे आहे. मोटारीच्या इंजिनाचे सुटे भाग आणि बोटीच्या इंजिनाचे सुटे भाग यांच्यातला फरक मात्र त्यामुळेच जीवन-मरणाचा ठरतो. विशेष म्हणजे अनेकदा दोन्हीकडचे मूळ इंजिन एकाच घराण्यातले असते. सुटे भागही मापाने सारखे, दिसायला सारखे आणि एकमेकांच्या जागी चपखल बसणारे असतात. चपखल बसणारा भाग योग्यच असतो, ही समजूत रस्त्यावर बहुधा खपून जाते. समुद्रात ती महागात पडू शकते.

साठ मीटर आणि एक मिनिट

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर या प्रश्नाला गेल्या काही वर्षांत नवी धार आली आहे. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळीच्या क्लीव्हलँड बंदराजवळ उभ्या राहणाऱ्या खांबांमधील अंतरावरून वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांनी २०२१ मध्ये समुद्रातले काम रोखून धरले होते. मूळ आराखड्यात हे अंतर ६० मीटर होते. मच्छीमारांची मागणी २०० मीटरची होती. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने एक खांब कमी करून हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो सागरी सेतूशी जोडला गेला.

त्या वादात अनेकांना मच्छीमारांची मागणी अवाजवी वाटली होती. काही मीटर रुंदीच्या बोटीला दोनशे मीटर वाट कशाला हवी, असा प्रश्न विचारला गेला. त्याचे उत्तर बोटीच्या रुंदीत नाही. ते इंजिन बंद पडण्याच्या शक्यतेत आहे. इंजिन चालू असलेल्या बोटीला साठ मीटरही पुरतात. बंद पडलेल्या बोटीचा हिशेब वेगळा असतो. ताशी दोन सागरी मैल वेगाचा प्रवाह म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर. १२० मीटरच्या गाळ्यात मधोमध बोट बंद पडली आणि प्रवाह तिला एका खांबाकडे ओढू लागला, तर तांडेलाच्या हाती साधारण एक मिनिट उरते. ६० मीटरच्या गाळ्यात हा अवधी अर्ध्या मिनिटावर येतो. वारा त्याच दिशेचा असेल तर त्याहूनही कमी.

या एका मिनिटात इंजिन पुन्हा सुरू होईल की नाही, हे तांडेलाच्या कसबावर अवलंबून असते, तसेच इंजिनाला कोणता पंप, कोणते गॅस्केट आणि कोणता स्टार्टर बसवला आहे, यावरही अवलंबून असते. खांबांमधील अंतरावर वर्षभर चर्चा झाली. बोटीच्या इंजिनातल्या सुट्या भागांवर मात्र फारशी झाली नाही.

ब्लॉक एक, पोशाख वेगळा

बोटीसाठी सर्वस्वी वेगळे इंजिन बनवले जाते, हा गैरसमज आधी दूर करायला हवा. महाकाय जहाजांच्या बाबतीत ते खरे आहे. मासेमारी बोटी, लाँच, स्पीडबोट अशा लहान नौकांच्या बाबतीत मात्र रस्त्यावरच्या इंजिनाला समुद्राचा पोशाख चढवण्याची पद्धत जगभर रूढ आहे. व्होल्वो पेंटाची काही सागरी डिझेल इंजिने व्होल्वोच्या ट्रकमधील इंजिनांवर बेतलेली आहेत. अमेरिकेतल्या मर्क्रुझर इंजिनांच्या अनेक पिढ्या जनरल मोटर्सच्या मोटारींच्या इंजिनांवर उभ्या राहिल्या. भारतातही अशोक लेलँडच्या ट्रक-बसच्या इंजिन घराण्यातली सागरी इंजिने मासेमारी बोटींत सर्रास वापरली जातात.

त्यामुळे 'ट्रकचे इंजिन बोटीला लावले' एवढ्यावरून कोणाला दोष देणे चुकीचे आहे. इंजिनाचा ब्लॉक, क्रँकशाफ्ट, पिस्टन, बेअरिंग यांतले पुष्कळ भाग दोन्हीकडे समान असू शकतात. फरक पडतो तो ब्लॉकच्या भोवती बसणाऱ्या भागांत. पाणी फिरवणारे, इंधन पोहोचवणारे, वीज पुरवणारे, धूर बाहेर टाकणारे आणि सांधे बंद ठेवणारे भाग समुद्रासाठी निराळे घडवावे लागतात. कंपनीतून सागरी म्हणून निघालेल्या इंजिनात ते असतातच. पुढे पाच-सात वर्षांत एकेक भाग निकामी होतो आणि त्याच्या जागी काय बसवले जाते, तिथे खरी गोम आहे.

तळाशी साचणारी वाफ

सर्वांत ठळक फरक पेट्रोल इंजिनांच्या बाबतीत दिसतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पटींनी जड असते. मोटारीत पेट्रोल गळले, तर ते रस्त्यावर पडते आणि वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते, कारण मोटारीचा तळ उघडा असतो. बोटीचा तळ उघडा असून चालत नाही. गळलेल्या पेट्रोलची वाफ बोटीच्या तळाशी साचते आणि एखाद्या ठिणगीची वाट पाहत राहते.

मोटारीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर यांच्या आत लहान ठिणग्या उडतच असतात. मोटारीत त्याने काही बिघडत नाही. बोटीसाठी बनवलेल्या स्टार्टर-अल्टरनेटरची रचना मात्र अशी असते, की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचू नये. लहान नौकांवरील विद्युत उपकरणांच्या या गुणधर्मासाठी आयएसओ ८८४६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. दोन्ही स्टार्टर शेजारी ठेवले, तर सामान्य माणसाला त्यांतला फरक ओळखता येणार नाही. बोल्टची छिद्रे तीच, दात तेच, वजनही जवळपास तेच.

कार्बोरेटर आणि इंधनपंपाचेही असेच आहे. मोटारीच्या जुन्या यांत्रिक पंपातला पडदा फाटला, तर पेट्रोल बाहेर ठिबकते. सागरी पंपात दुहेरी पडदा असतो किंवा गळलेले पेट्रोल पुन्हा कार्बोरेटरकडे नेणारी नळी असते. मोटारीच्या इंजिनावर धूळ रोखणारा एअर फिल्टर असतो. बोटीच्या पेट्रोल इंजिनावर त्या जागी आगीची उलटी ज्वाळा अडवणारी जाळी असते. अमेरिकेत २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या, बोटीच्या आतील पेट्रोल इंजिनांना ही ज्वाळारोधक सोय कायद्याने बंधनकारक आहे. आठ दशकांहून जुना हा नियम स्फोटांच्या कटू अनुभवातूनच आला.

मुंबईच्या मासेमारी बोटी प्रामुख्याने डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनाला ठिणगीची गरज नसते. म्हणून हा धोका त्यांना लागू नाही, असे म्हणून चालणार नाही. अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या बोटीवर स्वयंपाकाचा गॅस असतो आणि तोही हवेपेक्षा जड असल्याने तळाशीच साचतो. बॅटऱ्याही इंजिनाच्या आसपासच असतात. शिवाय भारतातील सर्वसाधारण डिझेल हे रस्त्यासाठीचे इंधन आहे. ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. भारतीय मानकानुसार वाहनांच्या डिझेलसाठी त्याची किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत मोठ्या जहाजांच्या इंधनासाठी ती सर्वसाधारणपणे ६० अंश आहे. मे महिन्यात बोटीच्या बंदिस्त इंजिनघरात किती उकाडा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन आकड्यांमधील फरकाचा अर्थ कळतो.

इंधनाच्या रबरी नळीचा प्रश्न यातूनच येतो. लहान नौकांसाठीच्या आयएसओ ७८४० मानकानुसार इंधनाची नळी प्रत्यक्ष आगीत अडीच मिनिटे टिकावी लागते. दिसायला अडीच मिनिटे किरकोळ वाटतात. आग विझवायला, इंधनाचा कॉक बंद करायला किंवा शेजारच्या बोटीला हाक द्यायला तेवढाच वेळ मिळतो. मोटारीच्या दुकानातून मीटरवर कापून आणलेल्या नळीकडून ही अपेक्षा धरता येत नाही.

खारे पाणी, गाळ आणि प्लास्टिक

डिझेल बोटींचा मोठा शत्रू आगीपेक्षाही खारे पाणी आहे. मोटारीचे इंजिन रेडिएटरमधील गोड्या पाण्यावर आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होते. बोटीच्या इंजिनघरात वारा नसतो; थंडावा समुद्राच्या पाण्यातूनच घ्यावा लागतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी काही बोटींत थेट इंजिनातून फिरते, तर काहींत हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांमधून फिरून इंजिनातल्या गोड्या पाण्याची उष्णता काढून घेते.

या पाण्याच्या वाटेवर येणारा प्रत्येक भाग वेगळ्या धातूचा लागतो. ब्लॉकवरील लहान गोल बुचे मोटारीत साध्या पोलादाची असतात. बोटीत ती पितळेची लागतात. मोटारीच्या हेड गॅस्केटमधले साधे पोलाद खाऱ्या पाण्यात गंजते आणि काही महिन्यांत पाणी सिलिंडरमध्ये शिरू शकते. सागरी गॅस्केटमध्ये गंजरोधक धातू वापरतात. हीट एक्स्चेंजरच्या नळ्या तांबे आणि निकेलच्या मिश्रधातूच्या असतात. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले, की त्यांतला दुबळा धातू झिजू लागतो, म्हणून जस्ताचे तुकडे मुद्दाम बसवले जातात. ते स्वतः झिजतात आणि महागाचे भाग वाचवतात. मोटारीच्या इंजिनात असे भाग नसल्याने रस्त्यावरच्या कारागिराला ते नेमाने बदलायचे असतात, हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

थर्मोस्टॅटचे उदाहरण याहून बोलके आहे. तळहातावर मावणारा हा भाग इंजिनाचे तापमान ठरवतो. मोटारीत तो साधारण ८० ते ९० अंशांच्या पुढे उघडतो, कारण इंजिन गरम राहिले तर इंधनाचे ज्वलन चांगले होते. समुद्राचे पाणी थेट फिरणाऱ्या इंजिनात मात्र तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवतात. त्यापुढे पाण्यातले क्षार आतल्या वाटांवर थर धरू लागतात. अशा इंजिनात मोटारीचा थर्मोस्टॅट बसवला, तर पहिल्या दिवशी इंजिन उत्तम चालते. महिनाभरानेही चालते. आतल्या वाटा मात्र हळूहळू बुजत जातात आणि एके दिवशी भर समुद्रात इंजिन तापून थांबते. चूक आणि तिचे फळ यांत काही महिन्यांचे अंतर असल्याने दोष थर्मोस्टॅटवर येत नाही. तो नशिबावर जातो.

मुंबईच्या किनाऱ्यावर यात आणखी एक भर आहे. मिठी नदी माहीमच्या खाडीतून ज्या उपसागरात येते, त्यात गाळ आणि प्लास्टिक यांची कमतरता नाही. समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचा इम्पेलर असतो. पाणी हेच त्याचे वंगण. पाणी ओढण्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी अडकली आणि पंप कोरडा फिरला, तर काही मिनिटांतच पाती फाटतात. गाळमिश्रित पाण्याने ती एरवीही लवकर झिजतात. स्वच्छ समुद्राचा विचार करून कंपनीने सांगितलेली मुदत इथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

न संपणारा घाट

तिसरा फरक डोळ्यांना दिसत नाही; तो कामाच्या स्वरूपाचा आहे. सपाट रस्त्यावर एका वेगाने चालणारी मोटार आपल्या ताकदीचा लहानसा हिस्सा वापरते. चढ आला की इंजिनावर जोर येतो, उतार आला की ते विसावा घेते. बोटीला उतार नसतो. पंखा पाणी कापत असतो तोवर भार कायम राहतो, आणि जाळे ओढताना तो आणखी वाढतो. बोटीचे इंजिन म्हणजे बोरघाट चढणारा भरलेला ट्रक समजावा. फक्त हा घाट दहा-बारा तास संपत नाही.

म्हणूनच उत्पादक एकाच इंजिनाला कामानुसार वेगवेगळी अश्वशक्ती देतात. अधूनमधून वापरायच्या सहलीच्या बोटीसाठी आकडा मोठा असतो. रोज तासन्‌तास राबणाऱ्या बोटीसाठी तेच इंजिन कमी अश्वशक्तीचे म्हणून विकले जाते. इंधनपंपाचे सेटिंग वाढवून जादा ताकद काढण्याचा मोह आवरला नाही, तर इंजिनाचे आयुष्य घटते. पंख्याचे गणितही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. फेरे २० टक्क्यांनी कमी केले, तर ताकद जवळपास निम्म्यावर येते. घाई थोडी कमी केली तर इंजिन आणि डिझेल दोन्ही वाचतात.

बोट डुलते, हाही फरकच आहे. वर्गीकरण संस्थांच्या नियमांनुसार जहाजाची मुख्य यंत्रे कडेला १५ अंश कायम कलती राहिली आणि साडेबावीस अंशांपर्यंत हेलकावली, तरी चालत राहिली पाहिजेत. तेलाची टाकी आणि तेल ओढणारी नळी त्या बेताने घडवावी लागते. दोन इंजिनांच्या काही बोटींत एक इंजिन उलट्या दिशेने फिरते. तिथे मोटारीचा स्टार्टर किंवा कॅमशाफ्ट केवळ कमी दर्जाचाच नव्हे, तर साफ चुकीचा ठरतो.

जवळची दुकाने, दूरचे सामान

एवढे सगळे असताना मोटारीचा भाग बोटीत जातोच कसा? याचे उत्तर मच्छीमाराच्या अज्ञानात शोधणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मुंबईत मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने पावलोपावली आहेत. ऑपेरा हाऊसचा बाजार आहे, कुर्ल्याचा भंगार बाजार आहे. जुन्या जहाजांतून निघालेल्या सामानासाठी दारूखाना आहे. सागरी शिक्का असलेला नेमका भाग मात्र बहुधा अधिकृत विक्रेत्याकडे मागवावा लागतो. तो महाग असतो आणि येईपर्यंत बोट उभी राहते. उभ्या बोटीचेही खर्च थांबत नाहीत. खलाशांना दिलेली उचल, कर्जाचा हप्ता, हातची जाणारी मासळी. अशा वेळी शेजारच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळणारा आणि मापात बसणारा भाग बसवणे, हा त्या दिवसापुरता शहाणपणाचाच निर्णय वाटतो.

यात काळानेही भर घातली आहे. ट्रकच्या जुन्या इंजिनांतला यांत्रिक इंधनपंप कोळीवाड्यातला कारागीर डोळे मिटून खोलू शकत असे. वाहनांसाठी भारत स्टेज-४ निकष २०१७ मध्ये आणि भारत स्टेज-६ निकष १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. रस्त्यावरची नवी डिझेल इंजिने इलेक्ट्रॉनिक झाली, त्यांना संवेदक आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा आली. रस्त्याचे इंजिन आणि बोटीचे इंजिन यांचे जुने नाते त्यामुळे विरळ होत चालले आहे. जुन्या पद्धतीचे भाग जसजसे दुर्मीळ होतील, तसतसा वापरलेल्या आणि नकली भागांकडे ओढा वाढण्याची भीती आहे.

नोंद अश्वशक्तीची, तपासणी कशाची?

मोटारीच्या सुरक्षिततेशी निगडित भागांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२४ आहे. पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारखी १९६६ पासून काम करणारी चाचणी संस्था आहे. मोठ्या जहाजांसाठी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग आहे. लहान बोटींचा कारभार मात्र विभागलेला आहे. मासेमारी बोटी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, प्रवासी बोटी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. नोंदणीत इंजिनाची बनावट, क्रमांक आणि अश्वशक्ती लिहिली जाते. त्या इंजिनावर नंतर बसवलेला स्टार्टर, नळी किंवा गॅस्केट कोणते, हे त्या नोंदीतून कळत नाही. कागदावर सागरी असलेले इंजिन काही वर्षांत अर्धेअधिक मोटारीचे झालेले असू शकते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची वेगवान बोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. नौदलाच्या बोटीवर इंजिनाची चाचणी सुरू होती आणि इंजिनातील बिघाडामुळे तिच्यावरील नियंत्रण सुटले, असे नौदलाने प्राथमिक निवेदनात म्हटले होते. या दुर्घटनेचा मोटारीच्या सुट्या भागांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. उलट, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असलेले सागरी इंजिनही दगा देऊ शकते, हेच तिने दाखवून दिले. सागरी शिक्का ही अभयपत्रिका नव्हे. तरीही त्यानंतर सार्वजनिक चर्चा प्रवासी क्षमता आणि जीवरक्षक जॅकेट यांभोवती फिरत राहिली. दोन्ही आवश्यकच आहेत. जॅकेटची गरज मात्र अपघात झाल्यावर लागते. इंजिनघरातली तपासणी अपघात टाळण्यासाठी असते.

दोन महिन्यांची संधी

उपाय फार खर्चिक नाहीत. राज्याच्या किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. याच काळात बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, इंजिने खोलली जातात आणि कोणता भाग कुठून आणायचा, हे ठरते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो, त्याआधीच वर्षभराची सुरक्षितता ठरून गेलेली असते. तपासणी करायची तर ती याच दिवसांत व्हायला हवी. सगळे इंजिन तपासण्याची गरज नाही. इंधनाची नळी, स्टार्टर, अल्टरनेटर, समुद्राच्या पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, हेड गॅस्केट, धुराड्याची जोडणी आणि जस्ताचे तुकडे, एवढ्या मोजक्या भागांची एका पानाची यादी नोंदणीच्या कागदांना जोडली, तरी पुष्कळ साधेल.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. मच्छीमार सहकारी संस्था डिझेल आणि बर्फ यांची सोय करतात. त्याच संस्थांनी हेच आठ-दहा भाग हंगामापूर्वी एकत्रित मागवून ठेवले, तर किंमतही उतरेल आणि बोटही उभी राहणार नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून बोटींवरील सुरक्षा साधनांना मदत मिळते. सागरी दर्जाचे सुटे भाग हेही सुरक्षेचेच साधन मानायला हरकत नसावी. राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतकऱ्याला प्रमाणित बियाणे मिळावे, हे जसे सरकारचे काम, तसेच मच्छीमाराला प्रमाणित सुटा भाग मिळावा, ही अपेक्षा त्यातून ओघानेच येते.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. मत्स्यव्यवसाय विभागाच्या वर्सोव्यासारख्या प्रशिक्षण केंद्रांत नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाच्या देखभालीचेही शिक्षण दिले जाते. हे शिक्षण बोटीवर जाणाऱ्या तरुणांपुरते राहते. किनाऱ्यालगतच्या गॅरेजांतला कारागीर, जो आज ट्रक आणि उद्या बोट दुरुस्त करतो, त्याच्यापर्यंत ते पोहोचायला हवे. कोणता भाग दोन्हीकडे चालतो आणि कोणता चालत नाही, एवढे त्याला ठाऊक झाले, तर मच्छीमाराला पहिला सावधगिरीचा सल्ला त्याच्याच तोंडून मिळेल. मोटारीचे बेअरिंग किंवा तेलाचा फिल्टर कंपनीच्या यादीत दोन्हीकडे एकाच क्रमांकाने येत असेल, तर तो खुशाल वापरावा. सरसकट भीती घालण्याने मच्छीमाराचा खर्च वाढेल आणि नियमावरचा विश्वास उडेल.

तोवर जुनी सावधगिरीच कामाला येणार आहे. खांबांमधून जाताना वेग बेताचा ठेवणे, नांगर हाताशी मोकळा ठेवणे, निघण्यापूर्वी पाण्याच्या पंपाची धार पाहणे आणि इंजिनघराचे झाकण उघडून वाफ जाऊ देणे, या गोष्टींना पैसे पडत नाहीत. अनुभवी तांडेल त्या न सांगता करतात.

प्रभादेवीच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी दिसणारे दृश्य आता बदलले आहे. सागरी सेतूवरून आणि किनारा मार्गावरून मोटारींचे दिवे अखंड सरकत असतात आणि त्यांच्या खाली, खांबांच्या मधल्या काळोख्या पाण्यातून एखादी बोट घरी परतत असते. वरच्या मोटारीत आणि खालच्या बोटीत कदाचित एकाच घराण्यातले इंजिन धडधडत असेल. वरचे बंद पडले तर मागे वाहतूक खोळंबते. खालचे बंद पडले तर खांबापर्यंतचे साठ मीटर आणि एक मिनिट, एवढाच हिशेब उरतो. सुटा भाग विकत घेताना दुकानाच्या फळीवर दोन्ही किमती लिहिलेल्या असतात. हा हिशेब मात्र तिथे कुठे लिहिलेला नसतो.